रूळ, रान आणि मानवी निवड : बर्लिनमधील एका उद्यानाची समीक्षा

प्रस्तावना : उद्यानाची समीक्षा करताना रचनाकाराने काय निर्माण केले, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. बर्लिनमधील 'श्योनेबर्गर झ्यूडगेलेंडे' या निसर्गोद्यानाबाबत मात्र काय राखले आणि काय वाढू दिले नाही, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात. प्रस्तुत लेखात या अंगाने सदर उद्यानाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी : सुमारे १८ हेक्टरांची ही जागा टेम्पेलहोफच्या रेल्वे शंटिंग यार्डचा भाग होती. शहराच्या विभाजनानंतरही पश्चिम बर्लिनमधील रेल्वेचा कारभार पूर्व जर्मनीच्या रेल्वेकडे राहिला. १९५२ मध्ये यार्डचे काम थांबले. रुळांमधील खडीत आधी गवत आणि पुढे बर्च, रोबिनिया हे वृक्ष रुजले. तेथे नवे मालस्थानक उभारण्याच्या योजनेला नागरिकांनी विरोध केला. अखेर २००० मध्ये हे उद्यान खुले झाले.

विवेचन : येथील पाऊलवाटा जुन्या रुळांच्या दिशेनेच जातात. संरक्षित भागात लोखंडी जाळीची उंच वाट असल्याने खालची वनस्पती तुडवली जात नाही. पाण्याचा उंच मनोरा आणि टर्नटेबलही जपले आहेत. रेल्वेची भूमिती हाच या रचनेचा सांगाडा आहे, आणि हे तिचे मोठे यश होय.

तथापि, 'निसर्गाने आपोआप घडवलेले उद्यान' ही त्याची ख्याती अर्धसत्य आहे. १९८१ ते १९९१ या काळात वृक्षाच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून ७० टक्क्यांपर्यंत वाढले. हाच क्रम चालू राहता, तर कोरडी गवताळ माळराने आणि त्यांवर अवलंबून असलेले कीटक नाहीसे झाले असते. म्हणून काही भाग गवत कापून मोकळे ठेवले जातात, तर काही भागांत रान वाढू दिले जाते. येथील 'रानटीपणा' ही अशा प्रकारे सातत्याने केलेली मानवी निवड आहे. आणखी एक उणीव जाणवते. रूळ व यंत्रे सौंदर्यवस्तू बनली आहेत. त्यांवर राबलेल्या कामगारांचे अस्तित्व मात्र प्रेक्षकाला अनुमानानेच जाणावे लागते.

समारोप : जमिनीला 'पडीक' म्हटले की तिच्यावर बांधकाम करण्याचा मार्ग मोकळा होतो. नागरिकांनी हा शब्दच नाकारला, म्हणून झ्यूडगेलेंडे वाचले. या उद्यानाचे खरे मोल अस्पर्श निसर्गात नसून हस्तक्षेप कोठे थांबवावा याच्या विवेकात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.