‘स्मृतिचित्रे’ आणि मंडळीतील सहसेवा

लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. मराठी समीक्षकांनी त्यातील निर्व्याज भाषेचा व विनोदाचा गौरव केला आहे, आणि तो यथार्थच आहे. ख्रिस्ती वाचक बहुधा त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र शोधतो. या दोन्ही वाचनांत एक गोष्ट निसटून जाते. पुढारी आणि त्याच्याबरोबर चालणारी माणसे यांची सेवा एकत्र कशी होते, आणि ती कोठे अडखळते, याचा इतका प्रामाणिक वृत्तांत आपल्या भाषेत क्वचितच सापडेल. पाळकांनी व उपदेशकांनी हे पुस्तक त्या दृष्टीने पुन्हा वाचावे, असे सुचविण्याचा येथे हेतू आहे.

नागपूरहून राजनांदगावकडे जात असता १८९३ साली आगगाडीत टिळकांच्या हाती बायबल आले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय त्यांनी पत्नीला बरोबर न घेता केला. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्या निर्णयाची किंमत पुढील काही वर्षे लक्ष्मीबाईंनी विरहाने व मनस्तापाने मोजली. पुढाऱ्याची खात्री कितीही पवित्र असो, ती एकट्याची असेल तर तिचे ओझे दुसऱ्यावर पडते, हा या पुस्तकाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा याच टिळकांकडून मिळतो. लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्याकडे आल्या, तेव्हा त्यांचे सोवळेओवळे सुटले नव्हते. टिळकांनी सक्ती केली नाही, ते थांबले. जातिभेद देवाने निर्माण केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचाराने उमगले, आणि १९०० साली राहुरी येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्याने पाच वर्षांपूर्वी एकट्याने निर्णय केला होता, तोच आता दुसऱ्याच्या विवेकाला वेळ देत होता. अशा रीतीने आलेले माणूस अनुयायी म्हणून येत नाही, सहकारी म्हणून येते. पुढे दुष्काळात निराधार झालेली मुले टिळकांनी घरी आणली आणि लक्ष्मीबाईंनी ती सांभाळली, तेव्हा ती सेवा दोघांची होती.

पण येथे वाचकाने सावध राहावे. अवचित आलेले पाहुणे, रिकामी थैली, टिळकांची उदार लहर, हे सारे लक्ष्मीबाई इतक्या खेळकरपणे सांगतात की आपण हसतो, आणि हसता हसता पुढाऱ्याला मोकळे सोडतो. औदार्य एकाचे आणि कष्ट दुसऱ्याचे, अशी वाटणी त्या विनोदाआड दडलेली आहे. लेखिकेने तक्रार केली नाही, म्हणून ती वाटणी न्याय्य ठरत नाही. आपल्या मंडळ्यांतही योजना जाहीर करणारे एक आणि चटया अंथरणारे दुसरे असतात. चटया अंथरणाऱ्यांना योजनेविषयी कधी विचारले होते काय?

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांचा तो बंधुसमाज व्हावा, ही कल्पना विशाल होती. परंतु तिचा सारा प्राण एका व्यक्तीत होता. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले, आणि दरबार टिकला नाही. याउलट ‘ख्रिस्तायन’ या ओवीबद्ध काव्याचे आरंभीचे थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले होते. ज्यांना शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते, ज्यांचे लिहिणेवाचणे घरीच झाले, त्या लक्ष्मीबाईंनी उरलेला फार मोठा भाग रचून ग्रंथ पूर्ण केला. संस्था संपली आणि काव्य पुरे झाले, ते का, याचा विचार प्रत्येक पाळकाने करावा. जे काम दुसऱ्याच्या हाताला व जिभेला शिकविलेले असते, ते शिकविणारा गेल्यावरही चालते.

कोणी म्हणेल, हा पतिपत्नींचा संसार आहे. त्यावरून मंडळीचा कारभार कसा ठरवावा? आक्षेपात तथ्य आहे. ‘स्मृतिचित्रे’ घराच्या उंबरठ्यावरून लिहिलेले आहे. सभांचे ठराव व मिशनचा इतिहास त्यात शोधू नयेत. तरीही इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल पाळकाचे जे काम सांगतो, म्हणजे पवित्र जनांना सेवेसाठी सिद्ध करणे, ते घडताना कसे दिसते, हे या उंबरठ्यावरून स्पष्ट दिसते. शिवाय लक्ष्मीबाई केवळ मान डोलावणाऱ्या नव्हत्या. त्या वाद घालीत, आणि त्यांच्या वादामुळे टिळकांची सेवा जमिनीवर राहिली.

नागपूरच्या उत्तरेस सौंसर व पांढुर्णा हा मध्य प्रदेशातील मराठी मुलूख आहे. २०२३ पासून त्याचा वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. याच मुलखात जामसांवली हे हनुमंताच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. अशा भक्तिमय वातावरणात मंडळी चार घरांची आणि पाळक दूर राहणारा असेल, तर ख्रिस्ताची साक्ष शेजारी कोण देणार? महिन्यातून एकदा येणारा उपदेश नव्हे. रोज विहिरीवर, शेतावर, आजाऱ्याच्या उशाशी भेटणारे सभासदच ती देणार. त्यांना आपण केवळ श्रोते म्हणून ठेवले, तर आपल्यामागे दरबाराची गत होईल. त्यांना काव्याची पुढची ओवी रचावयास शिकविले, तर आपण अर्धवट सोडलेले काम ते पुरे करतील. उपदेशकाने येत्या रविवारी मंडळीला एवढेच विचारावे, की या कामातील कोणता भाग तुम्ही उचलता. आणि उत्तर मिळाल्यावर तो भाग खरोखर त्यांच्या हाती सोडावा.