चेहरे दुप्पट, गंमत निम्मी

दोन पोलीस इन्स्पेक्टर, अगदी त्यांच्याच तोंडवळ्याचे दोन चोर, आणि चोरांच्या करामतींचे खापर इन्स्पेक्टरांच्या माथी! प्रहसनाला याहून सुपीक जमीन कोणती हवी? शिवाय दोन्ही जोड्या साकारायला अमिताभ बच्चन आणि गोविंदा. दिग्दर्शक डेव्हिड धवन यांचा 'बडे मियाँ छोटे मियाँ' १६ ऑक्टोबर १९९८ रोजी प्रदर्शित झाला. त्याने गर्दीही खेचली. परंतु आज तो पुन्हा पाहताना आम्हांस राहून राहून वाटते, की एवढ्या भांडवलावर हा व्यवहार फारच तोट्यात गेला.

आपणां बृहन्महाराष्ट्रीयांच्या घरांत हिंदी चित्रपट परका नाही. म्हणून तुलनाही त्याच घरातली घेऊ. गुलजार यांचा 'अंगूर' (१९८२) शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'वर बेतलेला. तेथेही जुळ्यांच्या दोन जोड्या आणि दोनच नट : संजीवकुमार आणि देवेन वर्मा. दोघे अशोक, दोघे बहादूर. पण परगावाहून आलेला अशोक गुप्तहेरकथांचा व्यसनी. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की त्यास टोळीचा वास येतो. परकी स्त्री नवरा म्हणून घरी नेऊ लागली की कट पक्का ठरतो. म्हणजे घोटाळा निव्वळ चेहऱ्यांच्या साम्याने वाढत नाही, तो स्वभावाने वाढतो. सोनाराचा हार भलत्याच अशोकच्या हाती पडतो आणि त्याची झळ दुसऱ्याच्या संसारास लागते. कोणता अशोक कोणता, हे प्रेक्षकास ठाऊक असते, पडद्यावरील मंडळींस नसते. हसू उगवते ते या अंतरातून.

'बडे मियाँ'मध्ये हे अंतर धरलेलेच नाही. अमिताभजींचा इन्स्पेक्टर अर्जुनसिंग आणि त्यांचा चोर यांच्यात कपडे बदलले, माणूस फारसा बदलला नाही. गोविंदांच्या प्यारेमोहनचेही तेच. पोलीसच जर चोराइतका चेष्टेखोर आणि वाचाळ असेल, तर एकास दुसरा समजण्यात नवल ते काय? घोटाळा तापू लागतो न लागतो तोच गाणे येते. माधुरी दीक्षित स्वतःच्याच नावाने येतात, नाचतात आणि जातात. त्या नाचतात सुरेखच. पण त्यांच्यामागे गेलेली कथा परत यायला वेळ लावते.

दुसरा दोष याहून मोठा वाटतो. 'अंगूर'मध्ये गुन्हा बहुतांशी नायकाच्या डोक्यात, तरी त्याची भीती खरी. येथे खून, चोऱ्या, गुंड सारे खरे, पण भीती मात्र कोणालाच नाही. आम्ही सरकारी नोकरीत नामसाधर्म्याचे घोळ पुष्कळ निस्तरले. एका अक्षराच्या फरकाने एखाद्याचे निवृत्तिवेतन अडकले, की त्याच्या घरात काय होते हे आम्ही पाहिलेले आहे. चुकीच्या ओळखीला किंमत असते. ती भरावी लागेल या धास्तीतच विनोदाची चावी आहे. इन्स्पेक्टरावर चोरीचा आळ यावा आणि त्याची अब्रू क्षणभरही पणास लागू नये, तर आम्ही हसावे कशाला?

"विनोदी चित्रपटात तर्क कसला शोधता?" असे यावर विचारले जाते. आमच्या मते प्रहसनाला शोकांतिकेहूनही कडक हिशेब लागतो. देवलांच्या 'संशयकल्लोळ'ची (१९१६) याद करावी. तेथे एका तसबिरीवरून फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ आणि रेवती असे चौघे संशयाच्या फेऱ्यात सापडतात. तसबीर कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, याचा दाखला नाटककार पावलोपावली देतो. म्हणूनच नाटक शतकाहून अधिक काळ टिकले.

अर्थात दोन्ही नटांस त्यांचे श्रेय दिलेच पाहिजे. नुकतीच छप्पन्न वर्षे पूर्ण केलेले अमिताभजी गोविंदांच्या चपळाईपुढे मागे हटत नाहीत, आणि गोविंदांची संवादफेक अशी, की सामान्य वाक्यही चमकून जावे. म्हणूनच खंत अधिक. याच नावाचा दुसरा चित्रपट २०२४ साली आला, तोही निराळ्या कथेचा. आणि तो तर पुरता आपटला. नाव वारसाने मिळते, पटकथा मात्र दरखेपेस बसून लिहावी लागते. ती लिहिली असती, तर १९९८ची ही जोडी आज आपण 'अंगूर'च्या पंक्तीस बसवली असती.