'आलं घालू नका' असं सांगणारा ग्रंथ कसा वाचायचा?

साताऱ्याच्या एसटी स्टँडजवळ चहा मागितला की बहुतेक वेळा त्यात आलं असतंच. आठव्या शतकातल्या लू यू या चिनी लेखकाला तो चहा दिला असता, तर त्याने बाजूला सारला असता. त्याचा 'चा जिंग' हा चहावरचा सर्वांत जुना ज्ञात ग्रंथ. त्यात दहा प्रकरणं आहेत. फ्रान्सिस रॉस कार्पेंटर यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १९७४ साली आलं. तुमचा विषय कोणताही असो, पीएच.डी.ची तयारी करत असाल तर हे पुस्तक वाचाच.

ग्रंथाची ताकद तपशिलात आहे. पानं कोरड्या हवेत खुडायची, पावसात नाही. मग ती वाफवायची, कुटायची, साच्यात दाबायची, शेकून वाळवायची आणि दोरीत ओवायची. म्हणजे तेव्हाचा चहा वडीचा. वडी भाजून, दळून, पूड उकळत्या पाण्यात टाकायची. पाणी डोंगरातलं उत्तम, नदीचं मध्यम, विहिरीचं कनिष्ठ. अवजारांची नावं आणि मापंसुद्धा दिलेली आहेत. आपल्या प्रबंधातलं संशोधनपद्धतीचं प्रकरण इतकं नेमकं लिहिता आलं पाहिजे.

आता खटकणारी गोष्ट. लू यू वर्णन करता करता निकाल देतो. कांदा, आलं, बोरं, संत्र्याची साल, पुदिना घालून उकळलेला चहा त्याच्या मते गटारातल्या पाण्यासारखा. पहिल्या वाचनात मी वहीत लिहिलं होतं, 'तांग काळात लोक शुद्ध चहा पीत.' साफ चूक! लोक एखादी गोष्ट करत असतात, म्हणूनच कुणीतरी 'करू नका' असं लिहितो. त्याची तक्रार हाच आल्याच्या चहाचा पुरावा. आणि गंमत म्हणजे चिमूटभर मीठ त्याला चालतं. म्हणजे 'शुद्ध' हे लू यूचं मत झालं. लोकांची सवय वेगळीच होती.

दुसरी उणीव. पानं खुडणाऱ्याच्या पाठीवरची टोपली तो सांगतो, त्याची मजुरी सांगत नाही.

हेच दोन प्रश्न आपल्या भागातल्या हळदीला लावून बघा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्याबद्दल वाचताना हरिपूरची पेवं हमखास भेटतात: जमिनीखाली खणलेली, हळद साठवायची कोठारं. पण २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवांत पाणी शिरलं. मग प्रबंधात काय लिहाल, 'पेवात ठेवतात' की 'ठेवत असत'? ते टेबलाशी बसून ठरवू नका. हरिपूरला जा. व्यापाऱ्याशी बोला, आणि पेवात उतरलेल्या हमालाशीही.

आज एवढंच करा: तुमच्या विषयातला एक 'असंच करावं' छापाचा नियम शोधा आणि वहीत त्याच्याखाली लिहा, 'हे कोण मोडत होतं?' बरेचदा संशोधनाचा प्रश्न तिथेच सापडतो.