‘स्मशानातील सोनं’: अपराध, भुताचे भय आणि तुटलेली बोटे

अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा मराठीच्या अध्यापकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. वर्गात ती वारंवार शिकविली जाते आणि कदाचित त्यामुळेच तिच्याविषयीचे दोन निष्कर्ष पक्के होऊन बसले आहेत. पहिला असा की, भूक माणसाला गुन्ह्याकडे ढकलते. दुसरा असा की, वाईट कर्माचे फळ वाईटच मिळते. उत्तरपत्रिका तपासताना हे दोन्ही निष्कर्ष एकाच परिच्छेदात, शेजारीशेजारी लिहिलेले आढळतात. लिहिणाऱ्याला त्यांतील विसंगती जाणवत नाही; पुष्कळदा तपासणाऱ्यालाही जाणवत नाही. भीमाला गुन्ह्याकडे भुकेने ढकलले असेल, तर त्याला मिळालेली शिक्षा कोणत्या कर्माची, हा प्रश्न त्या दोन वाक्यांच्या मध्ये पडून राहतो. प्रस्तुत लेखाचा विषय तो प्रश्न आहे.

कथानक थोडक्यात असे. वारणाकाठचा भीमा हा धिप्पाड गडी पोटासाठी मुंबईला येतो. उपनगराच्या टोकाला, रानाच्या कडेला बिऱ्हाड करून दगडाच्या खाणीत काम करू लागतो. खाण बंद पडते. बेकार हिंडत असताना चितेच्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते, आणि त्या दिवसापासून स्मशान हीच त्याची खाण होते. तो राख चाळतो, पुरलेली प्रेते उकरतो, मिळालेले सोने शहरात विकून बायको आणि लहान मुलीला पोसतो. एका श्रीमंत सावकाराचे प्रेत पुरल्याची वार्ता कळते. त्या रात्री तो जातो. प्रेतासाठी आलेल्या कोल्ह्यांशी त्याची झुंज होते, आणि मृताच्या तोंडातील सोने काढताना त्याची बोटे प्रेताच्या दातांत अडकतात. जीव वाचतो, बोटे मात्र कापावी लागतात. त्याच सुमारास बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

या कथेत अपराधभाव नेमका कोठे आहे, याचा शोध घेतला असता प्रथम निराशाच पदरी पडते. भीमाला पश्चात्ताप होत नाही. रात्री त्याला झोप लागत नाही, कोणाचा चेहरा डोळ्यांपुढे येतो, हात धुऊनही डाग जात नाही, असे पाश्चात्त्य साहित्यातून आपल्या परिचयाचे झालेले एकही चिन्ह येथे नाही. डोस्टोव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ (१८६६) या कादंबरीतील रास्कोलनिकोव्ह खून करण्यापूर्वीच एक सिद्धान्त रचतो आणि खुनानंतर त्या सिद्धान्ताखाली चिरडला जातो. भीमाजवळ सिद्धान्त नाही, हिशेब आहे. मेलेल्याला सोन्याचा उपयोग नाही आणि जिवंत लेकराला भाकरीचा आहे, एवढाच तो हिशेब, आणि त्यात चूक दाखविणे सोपे नाही.

तरीही कथेत अपराधाची जाणीव आहे. लेखकाने ती भीमाच्या मनात न ठेवता त्याच्या बायकोच्या तोंडी दिली आहे, आणि तिने ती भुताच्या भाषेत मांडली आहे. नवऱ्याने स्मशानात जाऊ नये असे तिला वाटते. हे पाप आहे असे म्हणण्यापेक्षा तिला मढ्यांचे, भुताखेतांचे, त्या काळोखाचे भय वाटते. भीमा तिचे भय धुडकावून लावतो. येथे आपण, म्हणजे सुशिक्षित वाचक, नकळत भीमाच्या बाजूला जातो, कारण तो विवेकी आणि ती अंधश्रद्धाळू अशी वाटणी आपण करून टाकतो. परंतु ज्या घरात नीती-अनीतीची चर्चा करण्यास उसंत नाही, तेथे ‘हे बरे नव्हे’ असे सांगण्यासाठी त्या बाईजवळ दुसरा कोणता शब्दसंग्रह होता? भुताचे भय हे तिच्यापुरते सदसद्विवेकाचे बोलणे आहे. ते चुकीच्या कारणासाठी योग्य गोष्ट सांगते. आमच्या पालघर-बोईसर परिसरात वर्ग घेताना हा मुद्दा सावधपणे मांडावा लागतो, कारण ‘भुताळी’ हा शब्द येथे एखाद्या बाईला गावातून उठवण्यासाठीही वापरला गेला आहे. भुताच्या भाषेत विवेक बोलतो तसा द्वेषही बोलतो. महाराष्ट्राने २०१३ मध्ये नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांविरुद्ध कायदा केला तो या दुसऱ्या बोलण्यासाठी, आणि तो आवश्यकच होता. मात्र पहिल्या बोलण्याचे काय करायचे, हे कोणताही कायदा सांगू शकत नाही.

दुसरी अंधश्रद्धा याहून अधिक दुर्लक्षित राहिली आहे. मृताच्या तोंडात सोन्याचा कण घालण्याची रूढी आपल्याकडे सर्वपरिचित आहे. गंगाजल आणि तुळशीपत्र ज्याच्या त्याच्या वाट्याला येते, सोने मात्र ऐपतीप्रमाणे. भीमाची सारी कमाई या श्रद्धेवर उभी आहे. परलोकाच्या वाटेवर सोने उपयोगी पडते असे श्रीमंतांना वाटले नसते, तर भीमाला स्मशानात काही सापडले नसते. बायकोच्या भुताला आपण अंधश्रद्धा म्हणतो आणि सावकाराच्या मुखातील सोन्याला संस्कार. अण्णा भाऊ हा भेद मान्य करीत नाहीत, आणि त्यासाठी त्यांना भाषण द्यावे लागत नाही. कोणाचे मढे उकरावे, याची भीमाची निवड ते सांगतात, एवढेच. गरिबाच्या प्रेताजवळ जाण्यात त्याला अर्थ वाटत नाही. मरणानंतरही वर्ग शिल्लक राहतो हे त्याला अनुभवाने ठाऊक झाले आहे.

कायद्याच्या दृष्टीने पाहू गेल्यास येथे दोन स्वतंत्र अपराध आहेत. दफनभूमीत अनधिकाराने शिरून प्रेताची विटंबना करणे हा एक. भारतीय दंड विधानात तो कलम २९७ खाली होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०१ खाली आहे. मृताजवळील मालमत्तेचा अपहार हा दुसरा; जुने कलम ४०४, नवे ३१५. पहिला अपराध भावनेविरुद्ध, दुसरा मालमत्तेविरुद्ध. कथेत मात्र न्यायाधीश नाही, पकडला जाण्याचा प्रसंग नाही. लेखकाने शिक्षेचे काम कायद्याकडे सोपविले नाही आणि भुताकडेही नाही. ते त्याने एका जबड्याकडे सोपविले.

तो प्रसंग बारकाईने वाचण्यासारखा आहे. भीमा लोखंडी पहारीने प्रेताचा जबडा उघडतो, बोटे आत घालतो, आणि पहार बाहेर निघताच जबडा मिटतो. यात अलौकिक असे काहीच नाही. पण नेमक्या त्या क्षणी, आयुष्यभर भुते धुडकावणारा भीमा भुताला घाबरतो. त्याला वाटते, मढ्याने आपल्याला धरले. तो त्या डोक्यावर प्रहार करू लागतो आणि प्रत्येक प्रहाराने दात अधिक रुततात. या प्रसंगाचा अर्थ मी असा लावतो: बायकोचे जे भय भीमाने बाहेर ठेवले होते, ते त्याच्याही आत होते, आणि त्याला जायबंदी करण्यात त्या भयाचाही वाटा आहे. शांतपणे पहार पुन्हा सरकवली असती तर कदाचित बोटे वाचली असती. दडपलेला अपराधभाव येथे घाबरटपणाच्या रूपाने वर येतो, आणि तोही हाताला काम करता येईनासे झाल्यावर.

याच विषयावरील एक परदेशी कथा तुलनेसाठी उपयुक्त ठरते. एडिंबरो येथे १८२८ मध्ये बर्क आणि हेअर यांनी शरीरशास्त्राच्या अध्यापनासाठी प्रेते विकता यावीत म्हणून खून केले. त्या स्मृतीवर रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८८४ मध्ये ‘द बॉडी स्नॅचर’ ही कथा लिहिली. तिचा शेवट उघडपणे अद्भुत आहे: रात्री उकरून आणलेले प्रेत भलत्याच, पूर्वी मारल्या गेलेल्या माणसाचे निघते. तेथे भूत खरेच येते, कारण प्रेते चोरणारे विद्यार्थी सुखवस्तू आहेत. भूत आल्याखेरीज त्यांचे काही बिघडत नाही. भीमाचे बिघडण्यासाठी दोन-चार बोटे पुरतात. हा फरक दोन लेखकांच्या प्रतिभेचा नसून त्यांच्या पात्रांच्या भांडवलाचा आहे.

बोटांचे मोल किती, याचे एक उत्तर आपल्या कायद्याने देऊन ठेवले होते. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात, एका हाताची दोन बोटे गेल्यास कमाईची क्षमता २० टक्के घटली असे मानले जाई, तीन गेल्यास ३० टक्के, चारही गेल्यास ५० टक्के. ही कथा मी शिकवीत असता एका विद्यार्थ्याने मध्येच विचारले, “सर, मग भीमाला खाणीवर घेतलं का नाही?” कथेत याचे उत्तर नाही असे मी म्हणालो. त्यावर तो म्हणाला, “नसणारच घेतलं.” त्याच्या वडिलांची तीन बोटे प्रेस मशिनखाली गेली होती, हे मला नंतर कळले. बेटेगावपासून औद्योगिक वसाहत दूर नाही, आणि दगडखाणीही या परिसराला नव्या नाहीत. त्यामुळे वर्गात या कथेचा शेवट कोणी प्रतीक म्हणून ऐकत नाही. भीमाची बोटे कामावर असताना गेली असती तर निदान कोष्टकात त्यांची नोंद झाली असती. ती स्मशानात गेली.

म्हणूनच ‘कर्माचे फळ’ हा निष्कर्ष मला मान्य करता येत नाही. कर्मफळाच्या न्यायात अपराध आणि शिक्षा यांचे प्रमाण जुळावे लागते. येथे शिक्षा अपराधाला होत नाही; अपराधातून बाहेर पडण्याच्या शक्यतेला होते. खाण सुरू झाली नसती तर भीमाचे नुकसान झाले असते, पण शोकांतिका झाली नसती. १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना अण्णा भाऊंनी पृथ्वी शेषनागाच्या मस्तकावर तोलली आहे ही पुराणकल्पना नाकारून श्रमिकांच्या तळहाताकडे लक्ष वेधले होते. त्या हाताची बोटे तुटणे म्हणजे काय, हे त्या भाषणाच्या प्रकाशात पाहावे.

भीमाला अट्टल गुन्हेगार म्हणावे काय? ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीत मांग समाजावर लादलेली हजेरी आहे. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) मध्ये चोरी हा जन्मानेच कपाळी आलेला व्यवसाय आहे, आणि मुलगा शाळेत जाऊ लागला म्हणून वस्तीवर रोगराई आली असे मानणारी जमातही आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून १९५२ मध्ये रद्द झाला, तरी त्याचा शिक्का पुसला गेला नाही. भीमावर असा शिक्का नाही. त्याच्या नावाची नोंद कोणत्याही पोलीस पाटलाकडे नाही. मनात आणले तर तो उद्या साधा मजूर होऊ शकतो, आणि खाण उघडते तेव्हा ती वेळ येतेही. ‘उचल्या’तील माणसांना समाज परतू देत नाही, भीमाला त्याचे शरीर परतू देत नाही.

कथेत दोष नाहीत असे नव्हे. कोल्ह्यांशी झालेली झुंज गरजेपेक्षा लांबली आहे; लेखकाला पराक्रमाचे वर्णन आवडते आणि पोवाडा रचणारा शाहीर तेथे कथाकाराच्या हातून लेखणी काढून घेतो. खाण पुन्हा सुरू होण्याची वार्ता अगदी नेमक्या वेळी येते, हा योगायोगही सहज पचणारा नाही. बायकोच्या व्यक्तिरेखेबाबत मात्र माझी तक्रार अधिक गंभीर आहे. इतका वेळ जिने एकटीने भुताच्या भाषेत का होईना, नवऱ्याला अडविले, ती शेवटी बाजूला पडते. भीमा लहान मुलासारखा रडतो ते आपल्याला दिसते. चुलीपुढे बसून तिने त्या सकाळी काय हिशेब केला, मुलीला काय सांगितले, आणि उद्यापासून खाणीवर खडी फोडायला कोण जाणार होते, हे लेखकाने लिहिलेले नाही.