ढालधारक पक्षी आणि त्याच्या गळ्यातील मुकुट

प्रास्ताविक : युरोपीय कुलचिन्हांत ढालीच्या दोन्ही बाजूंस उभे राहून तिला तोलणाऱ्या प्राण्यांना ‘ढालधारक’ म्हणता येईल. इंग्लंडमध्ये हा मान मोजक्यांनाच मिळतो. त्यामुळे हे प्राणी केवळ शोभेचे नसतात. व्यक्ती आणि मान देणारी सत्ता यांचे नाते ते सूचित करतात. डचेस ऑफ ससेक्स मेगन यांना मे २०१८ मध्ये, विवाहानंतर काही दिवसांतच प्रदान झालेले कुलचिन्ह या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

विवेचन : या चिन्हात एका बाजूस पती प्रिन्स हॅरी यांच्या चिन्हातील सिंह, तर दुसऱ्या बाजूस मेगन यांचा स्वतःचा गाणारा पक्षी आहे. ढालीची निळाई कॅलिफोर्नियाजवळच्या प्रशांत महासागराची, तर तीन लेखण्या शब्दसामर्थ्याच्या निदर्शक आहेत. पंख उभारलेला, चोच उघडलेला पक्षी लेखणीच्या साथीने संवादाची शक्ती व्यक्त करतो, असे अधिकृत स्पष्टीकरण आहे. सिंह वंशपरंपरेने आला. पक्षी मात्र व्यक्तीच्या कर्तृत्वातून आला. मात्र याच पक्ष्याच्या गळ्यात मुकुट आहे.

मेगन व हॅरी २०२० मध्ये राजघराण्याच्या जबाबदाऱ्यांतून बाहेर पडले. त्यानंतर या मुकुटात गळचेपीचे भाकीत शोधण्याचा मोह होतो. परंतु तो टिकणारा नाही. कॅथरीन यांच्या चिन्हातील पांढऱ्या हरिणीच्या गळ्यातही मुकुट आहे. स्कॉटलंडच्या एकशृंगी अश्वाच्या गळ्यात तर मुकुटाबरोबर साखळीही आहे. म्हणजे हा संकेत एका व्यक्तीविरुद्ध योजलेला नाही.

तथापि, ‘हा केवळ संकेत आहे’ एवढ्यावर थांबणेही अपुरे ठरते. संकेत जुना झाला म्हणून अर्थशून्य होत नाही. प्राण्याची निवड व्यक्तित्व दर्शविते, गळ्यातील मुकुट त्या व्यक्तित्वावरील संस्थेचा हक्क दर्शवितो. हरिणीच्या बाबतीत हे दोन अर्थ परस्परांना छेद देत नाहीत, कारण हरिणीकडून बोलण्याची अपेक्षा नसते. पक्ष्याचा स्वर मात्र ज्या कंठातून उमटतो, नेमका त्याच कंठाभोवती मुकुट आहे.

निष्कर्ष : सारांश, या चिन्हातील ताण पुढील घटनांनी निर्माण केलेला नाही, तो रचनेतच होता. आवाजाला मान देणारी संस्था त्या आवाजावर आपली खूणही उमटविते. प्रतीकाचे वाचन घटनांच्या आधाराने नव्हे, तर प्रतीकांच्या परस्परसंबंधांतून व्हावे, हेच यावरून स्पष्ट होते.