बाळूचं काय करायचं?

वस्तीतल्या पोरांसाठी काढलेल्या बाबासाहेबांच्या चरित्रपुस्तिका वाचतोय. पोरगं वर्गात गोणपाटावर बसतं, शिपाई नसला की तहानलेलं राहतं. पान उलटलं की थेट कोट-टाय आणि कोलंबिया! मधल्या त्या तरुण भीमरावाची छाती कुणाकडं बघून फुगत होती, ह्याचा पत्ताच न्हाई.

होता की एक. पालवणकर बाळू, चांभाराचं पोर. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात मैदान राखायचा, साहेबांना सरावाला बॉल टाकायचा. गोऱ्यांना हरवायचं म्हणून हिंदूंनी त्याला टीममध्ये घेतलं. विकेटी बाळूनं काढायच्या, चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. 1911 साली हिंदी संघ विलायतेत मार खात फिरला, तिथं ह्या गड्यानं शंभरावर विकेटी काढल्या. परतल्यावर मुंबईत आपल्या लोकांनी सत्कार केला. त्या मानपत्रामागं वीस वर्षांचा भीमराव होता. कॅप्टनपद बाळूला शेवटपर्यंत मिळालं नाही. 1923 ला धाकट्या विठ्ठलला मिळालं, तेही भावांनी एकदा संघावर बहिष्कार घातल्यानंतर.

इतकी तगडी गोष्ट, मग गाळली का? पुढचं अडचणीचं म्हणून. 1932 साली बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूनं गेला. 1937 ला काँग्रेसनं त्याला मुंबईत बाबासाहेबांच्याच विरोधात उभं केलं. बाबासाहेबांना 13,245 मतं, बाळूला 11,225. म्हंजे फरक फक्त दोन हजारांचा. आपल्याच वस्त्यांतली कितीतरी मतं बाळूला पडली असणार, हे लिहायला लेखकाची लेखणी अडखळते. आणि प्रस्थापितांना बाळू पाहिजे तो फक्त ‘खेळाला जात नसते’ म्हणायला. तिथं मातीचं भांडं गायब!

मला दोघांचाही राग येतो, आपल्यांचा जास्त. 1943 साली रानड्यांवर बोलताना बाबासाहेबांनी व्यक्तिपूजेला झोडपलं, 1949 ला घटनासमितीत राजकारणातल्या भक्तीबद्दल बजावलं. आणि आपण पोरांना काय देतो? ज्याला कधी कोणी आवडलंच नाही, ज्याचं कुणाशी फाटलंच नाही, असा पुतळा. सहावीतलं पोरगं पुतळ्याला हार घालतं, त्याच्याशी बोलत न्हाई. ज्याचं मानपत्र लिहिलं त्यालाच निवडणुकीत पाडलं, हे त्याला नीट कळतं. त्याच्या गल्लीत रोज तेच चालतं.

पुढची आवृत्ती काढणाऱ्या दोस्तांनो, 1911 आणि 1937 समोरासमोरच्या पानांवर छापा. दोन पानं वाढतील, कागदाचे पैसे आम्ही वर्गणीतून जमवू.