खेळांतील फिर्याद

खेळांत माणसाचा खरा स्वभाव प्रगट होतो, असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु ज्या खेळांत सोबत्याचें तोंड दिसत नाहीं, त्याचें खरें नांव कळत नाहीं आणि डाव संपल्यावर त्याची पुन्हां गांठही बहुधा पडावयाची नसते, तेथें प्रगट होतो तो स्वभाव कीं केवळ निर्भयपणा, हें ठरविणें सोपें नाहीं. इंटरनेटवरील सामुदायिक खेळांतील शिवीगाळीचा प्रश्न या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. कारण तिला आळा घालण्यासाठीं त्या खेळांच्या कर्त्यांना एक प्रकारची न्यायसंस्थाच उभारावी लागली.

‘लीग ऑफ लेजेंड्स’ हा खेळ अमेरिकेंतील राइअट गेम्स या कंपनीनें २००९ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत पांच-पांच खेळाडूंचे दोन पक्ष असतात आणि ते बहुधा परस्परांना अपरिचित असतात. एकाची चूक पांचांना भोंवते. त्यामुळें येथें प्रतिपक्षाइतकाच स्वपक्षीयही रोषाचा धनी होतो. डाव संपतांच कोणाविरुद्धही तक्रार नोंदविण्याची सोय असते. या तक्रारींचा निवाडा करण्यासाठीं २०११ सालीं ‘ट्रायब्यूनल’ ही योजना निघाली. ज्याच्याविरुद्ध वारंवार तक्रारी येत, त्याचें डावांतील संभाषण इतर खेळाडूंपुढें ठेवलें जाई व तें वाचून ते ‘शिक्षा’ किंवा ‘क्षमा’ असा कौल देत.

आपल्याकडील जुन्या गोतसभेची येथें सहज आठवण होते. परंतु गोतसभेंत वादी-प्रतिवादी समोरासमोर उभे राहत. येथें आरोपीला आपली बाजू मांडण्यास जागाच नव्हती. दुसरा दोष याहून सूक्ष्म होता. बहुमताशीं जुळणारा कौल देणाऱ्यास आरंभीं खेळांतील चलनाचें लहानसें बक्षीस मिळे. पुढें तें बंद झालें, हें योग्यच झालें. सत्य शोधण्याऐवजीं बहुमत ओळखण्याचा मोबदला मिळूं लागला, म्हणजे पंचाचा जुगारी होण्यास वेळ लागत नाहीं. तथापि या योजनेचा एक गुण मान्य केलाच पाहिजे. निवाडा करणाऱ्यापुढें आरोपीचे प्रत्यक्ष शब्द असत. केवळ तक्रारींची संख्या नव्हे. २०१४ सालीं ही योजना बंद झाली.

नुसत्या संख्येवर विसंबल्यास काय होतें, याचें उदाहरण ब्लिझर्ड कंपनीच्या ‘ओव्हरवॉच’ या खेळांत सांपडतें. २०१६ सालीं हा खेळ निघाला, तेव्हां नकोसा खेळाडू टाळण्याची मुभा त्यांत होती. लवकरच असें आढळलें कीं, एका अत्यंत निष्णात खेळाडूस डाव मिळण्यास अतोनात वेळ लागत आहे. त्याचें वर्तन वाईट नव्हतें. तो फार उत्तम खेळे, म्हणून पुष्कळांनीं त्याला टाळलें होतें! कंपनीनें ती सोय त्याच वर्षीं काढून घेतली. पराभूताचा संताप आणि अन्याय झालेल्याची फिर्याद हीं दोन्हीं एकाच कळीनें नोंदलीं जातात, तेथें हा घोटाळा व्हावयाचाच.

मग उपाय कोणता? राइअटमध्यें या विषयाचें काम पाहणारे जेफ्री लिन यांनीं एक महत्त्वाचा निष्कर्ष मांडला होता: दुर्वर्तनाचा मोठा भाग अट्टल उपद्रवी खेळाडूंकडून नव्हे, तर एरव्हीं नीट वागणाऱ्यांकडून होतो. हें खरें असेल, तर केवळ हद्दपारीनें काम भागणार नाहीं. चार दुष्टांना घालविल्यानें सज्जनांचा राग कांहीं शांत होत नाहीं. येथें शिक्षेपेक्षां बोधाचें मूल्य अधिक. २०१२ सालीं त्याच खेळांत चांगल्या सोबत्याचा गौरव करण्याची सोय झाली. पुढें २०१५ च्या सुमारास तक्रारींचा निर्णय यंत्राकडे आला, तेव्हां दोषी खेळाडूस त्याचेच शब्द दाखवून शिक्षेचें कारण कळविण्याची पद्धत अवलंबिली गेली. माझ्या मतें या सर्व प्रयोगांतील हीच पद्धत सर्वांत मोलाची आहे. रागाच्या भरांत बोललेलें वाक्य शांत चित्तानें पुन्हां वाचावें लागणें, ही लज्जा उत्पन्न करणारी गोष्ट आहे; आणि लज्जा हीच सुधारणेची पहिली पायरी होय.

यंत्र झपाट्यानें निर्णय देतें, हा त्याचा मोठा लाभ. परंतु शब्द ओळखणें निराळें आणि अर्थ ओळखणें निराळें. मित्रामित्रांतील थट्टेंत शिवी असूं शकते आणि अत्यंत सभ्य शब्दांतही विष असूं शकतें. म्हणून यंत्राच्या निवाड्यावर माणसाकडे दाद मागण्याची वाट मोकळी असलीच पाहिजे.

आज असंख्य मुलांचा न्यायाशीं पहिला प्रत्यक्ष परिचय शाळेंत किंवा न्यायालयांत न होतां या पडद्यावर होतो. तक्रार म्हणजे हरल्याचा सूड, अशी समजूत तेथें झाली, तर ती मोठेपणीं बरोबर राहील. आपल्या मुलानें कोणाविरुद्ध तक्रार केली, तर ‘तो काय म्हणाला?’ एवढें तरी वडील माणसांनीं अवश्य विचारावें. उत्तरांत त्याचे शब्द न येतां केवळ डाव हरल्याचें दु:ख आलें, तर ती फिर्याद नव्हे.